मेद आणि सांधे

जिना चढताना आजी गुडघ्यावर हात टेकून थांबते, हे तुम्ही पाहिले असेल. सांध्यातील हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते. ते झिजले की संधिवात जडतो. सडपातळ माणसेही यातून सुटत नाहीत. पण देह स्थूल असला की गुडघे लवकर झिजतात. अमेरिकेतील संशोधकांना २००५ साली असे आढळले की, वजन एक किलो घटले, तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार चार किलोंनी हलका होतो.

परंतु बोटांवर देहाचा भार कोठे पडतो? तरीही स्थूल माणसांच्या बोटांचे सांधे अधिक प्रमाणात बिघडतात. असे का व्हावे? मेद म्हणजे अंगातील निष्क्रिय साठा, असे आम्ही शाळेत शिकलो होतो. ते अपुरे ठरले. १९९४ साली न्यूयॉर्क येथे जेफ्री फ्रीडमन व त्यांचे सहकारी यांनी लेप्टिन या द्रव्याचा शोध लावला. मेदपेशी ते निर्माण करून रक्तात सोडतात. मेदातून अशी आणखीही द्रव्ये पाझरतात. त्यांतील काही सांध्यांत दाह उत्पन्न करतात.

दुखते म्हणून आजी बसून राहते. बसल्याने मेद वाढतो आणि दुखणेही. रोज सपाट वाटेवर थोडे चालले, तर मांडीचे स्नायू बळकट होऊन गुडघ्याला आधार देतात. मात्र संध्याकाळी तिला कोणाची तरी सोबत हवी असते.