दोन सीटच्या ‘स्टॉर्म’चा विमा

‘सॅन स्टॉर्म’ हे नाव आज किती जणांना आठवेल, शंकाच आहे. १९९८ साली बाजारात आलेली ही दोन सीटची, छत उघडणारी छोटी स्पोर्ट्स कार. कंपनीचं घराणं बेंगळूरचं, कारखाना गोव्यात, इंजिन रेनॉचं ११४९ सी.सी.चं आणि बॉडी चक्क फायबरग्लासची. म्हणजे आपल्या बेळगाव-निपाणीकडच्या माणसाने हिला दोन्हीकडून आपली म्हणायला हरकत नाही. त्याआधी बेंगळूरच्याच सिपानींनी ‘डॉल्फिन’ नावाची फायबरची गाडी काढली होती, ती जुन्या मंडळींना आठवत असेल. दोन्ही गाड्या गेल्या. मात्र स्टॉर्मच्या नादाला लागलेली माणसं अजून आहेत. त्यातला एक आमच्या घरात निघाला.

माझा धाकटा आत्तेभाऊ सुरतेजवळच्या चलथाणला असतो. साखर कारखान्यामुळे आणि कापडाच्या प्रोसेसिंग मिलांमुळे वाढलेलं हे गाव. उधना-जळगाव रेल्वेवरचं स्टेशन आणि उशाला मुंबई-अहमदाबाद हायवे. हा तिथल्या एका डाइंग मिलमध्ये सुपरवायझर. २०२४ च्या दिवाळीआधी त्याने घरातली छोटी गाडी विकली आणि गोव्यातून एक जुनी लाल स्टॉर्म आणली. घरात माणसं चार आणि गाडीला सीटा दोन! भावजयीने एकच विचारलं, “आता आपण पाळीपाळीने देवाला जायचं का?” निपाणीहून आत्याचा फोन आला तोही कन्नडमधून. रागावली की ती कन्नडवरच येते. “एष्टायतप्पा?” किती झाले बाबा, एवढाच प्रश्न. त्याने गाडीची किंमत सांगितली. विम्याची सांगितली नाही, कारण ती त्यालाच कळत नव्हती.

मी बरीच वर्षं लोकांचे विम्याचे कागद भरून देतो, म्हणून प्रकरण माझ्याकडे आलं. एरवी गाडीचा विमा म्हणजे पाच मिनिटांचं काम. कंपनी निवडा, मॉडेल निवडा, पैसे भरा. इथे मॉडेलच्या यादीत स्टॉर्मचं नावच नव्हतं. चलथाणजवळच्या एका शाखेत भाऊ गेला, तर तिथल्या साहेबांनी सांगितलं की एवढ्या जुन्या गाडीला फक्त थर्ड पार्टी घ्या. दुसरीकडे पूर्ण विमा द्यायला तयार झाले, पण गाडीची किंमत एक लाख लिहू म्हणाले. हप्ता कमी बसेल, हा त्यांचा युक्तिवाद. भाऊ खूश झाला. मी त्याला थांबवलं.

आधी थर्ड पार्टीचं बघू. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ प्रमाणे हा विमा रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक गाडीला सक्तीचा आहे, आणि त्याचा दर कंपनी ठरवत नाही, सरकार ठरवतं. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दराने हजार सी.सी.पर्यंतच्या खासगी मोटारीला २,०९४ रुपये, हजार ते दीड हजारला ३,४१६ आणि त्यापुढे ७,८९७ रुपये, वर जीएसटी. स्टॉर्म मधल्या गटात बसते. त्यामुळे इथे घासाघीस करण्यात अर्थ नाही.

“पण जुन्या गाडीला निम्मी सूट असते ना?” भावाने कुठूनतरी ऐकलं होतं. ऐकलं ते खरं होतं, पण अर्धंच. त्याच २०२२ च्या नियमांत ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदलेल्या खासगी मोटारीला थर्ड पार्टीच्या हप्त्यात ५० टक्के सूट आहे. मात्र व्हिंटेज कोणाला म्हणायचं हे केंद्राने जुलै २०२१ मध्ये ठरवून टाकलं: पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली आणि मूळ रूपात राखलेली गाडी. स्टॉर्मला त्यासाठी किमान २०४८ उजाडावं लागेल. तोवर ती धड नवी नाही, धड व्हिंटेज नाही, सरकारी भाषेत नुसतीच जुनी.

आणि ज्यांच्याकडे खरोखर पन्नाशी ओलांडलेली गाडी आहे त्यांनीही घाई करू नये. व्हिंटेज नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. समजा कोल्हापुरात कोणाकडे ९४८ सी.सी.ची जुनी स्टँडर्ड हेराल्ड आहे. तिचा थर्ड पार्टी हप्ता २,०९४, निम्मी सूट म्हणजे वर्षाला १,०४७ रुपये वाचले. फी मात्र वर्षाला दोन हजार पडली. शिवाय ती गाडी मग रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. मान हवा असेल तर जरूर करा. काटकसर म्हणून करण्यासारखं ते नाही.

आता मुद्दा गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्याचा. विमा कंपनी गाडीची जी किंमत पॉलिसीत लिहिते, तिला ‘आयडीव्ही’ म्हणतात. पाच वर्षांपर्यंत तिचा घसारा ठरलेला असतो, पाचव्या वर्षी निम्मा. त्यापुढच्या आणि उत्पादन बंद झालेल्या मॉडेलची किंमत विमेदार आणि कंपनी यांनी आपसात ठरवायची, असं २००२ च्या मोटार टॅरिफमध्येच म्हटलेलं आहे. हे वाक्य फार थोड्या लोकांना माहीत असतं. काउंटरवरच्या माणसाने एक लाख म्हटलं, म्हणजे ती देववाणी नव्हे.

एक लाख का नको, ते भावजयीलाही नीट समजावून सांगावं लागलं. कारण तिला कमी हप्ताच पसंत होता, आणि घर चालवणाऱ्या बाईचं त्यात चुकतं काय? गोष्ट अशी की दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपुढे गेला की गाडी ‘टोटल लॉस’ धरतात. एक लाखाच्या गाडीला ही हद्द ७५ हजार. स्टॉर्मचं पुढचं तोंड फुटलं तर नवा भाग दुकानात मिळत नाही, साचा करून हाताने फायबर ओतून घ्यावं लागतं. रंगकाम, दिवे, मजुरी धरून ७५ हजार कधी उलटतील सांगता येत नाही. म्हणजे दुरुस्त होण्याजोगी गाडी कागदावर मरते आणि हातात लाखभर येतात. चलथाणच्या हायवेवर रात्रंदिवस ट्रक, हंगामात उसाच्या ट्रॉल्या. एवढीशी बुटकी गाडी त्यांच्यात चालायची. हा धोका काल्पनिक नव्हता.

परदेशात यावर सोपा तोडगा आहे. ब्रिटन-अमेरिकेत हौशी जुन्या गाड्यांसाठी आधीच किंमत ठरवून घेतलेली पॉलिसी मिळते. वर्षाला अमुक मैलच चालवीन अशी हमी दिली की हप्ताही उतरतो. आपल्या जुन्या टॅरिफमध्ये ‘ठरलेल्या किमती’ची सोय होती, पण फक्त १९४० सालापर्यंत बनलेल्या आणि क्लबने प्रमाणित केलेल्या गाड्यांना. राजेरजवाड्यांच्या गॅरेजपुरती, म्हणा ना.

आम्ही मग परवानाधारक सर्व्हेअरकडून मूल्यांकन करून घेतलं. चारी बाजूंचे फोटो, इंजिन आणि चेसिस नंबर, टायरचं वय, झालेल्या कामांच्या पावत्या. त्याने किंमत चार लाख लिहिली. तो अहवाल घेऊन भाऊ तिसऱ्या एका कंपनीच्या सुरतेच्या कार्यालयात गेला. शाखेत नव्हे, मुद्दाम मोठ्या कार्यालयात, कारण अशा गाडीची मंजुरी तिथेच मिळते. दोन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला मान्य झालं.

हिशेब असा. नुकसानीच्या विम्याचे दर २००७ पासून खुले आहेत, पण आमच्या पॉलिसीचा हिशेब जुन्या तक्त्यावरच मांडला गेला. त्यात देशाचे दोन भाग आहेत. मुंबई, पुणे, बेंगळूर, अहमदाबाद अशी आठ शहरं ‘अ’ विभागात, बाकी सगळा मुलूख ‘ब’ मध्ये. दहा वर्षांवरच्या, या गटातल्या गाडीला ‘ब’ मध्ये ३.४३० टक्के. चार लाखांवर झाले १३,७२० रुपये. पहिले साडेसात हजारांचं नुकसान आपण सोसू असं लिहून दिल्याने दोन हजार कमी, राहिले ११,७२०. आणि इथे भावाची जुनी छोटी गाडी कामाला आली. तिच्यावर पाच वर्षं एकही क्लेम नव्हता, म्हणून ५० टक्के नो क्लेम बोनस. हा बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. गाडी विकताना कंपनीकडून त्याचं पत्र घेऊन ठेवावं, ते नव्या गाडीला लागतं. उरले ५,८६०. त्यात थर्ड पार्टीचे ३,४१६ मिळवून ९,२७६, आणि १८ टक्के जीएसटी धरून १०,९४६ रुपये. पंधरा लाखांचा अपघात विमा त्याच्याकडे आधीच वेगळा होता, म्हणून मालक-चालकाचा सक्तीचा भाग पुन्हा घ्यावा लागला नाही.

फायबरची एक गंमत या निमित्ताने कळली. क्लेमच्या वेळी दहा वर्षांवरच्या गाडीच्या पत्र्याच्या भागांवर निम्मा घसारा कापतात, फायबरग्लासवर मात्र ३० टक्केच. ज्या बॉडीला सगळे प्लास्टिकची म्हणून हसले, ती इथे फायद्यात. रबर, प्लास्टिक आणि बॅटरीला ५० टक्के हे आहेच.

आग आणि चोरी एवढ्याचाच विमा घेऊन आणखी पैसे वाचवता आले असते, गाडी बहुधा घरीच असते म्हणून. पण त्यात पूर येत नाही. ऑगस्ट २००६ मध्ये तापीने सुरतेत काय केलं ते तिथल्या लोकांना सांगावं लागत नाही. भावजयच म्हणाली, तेवढे राहू देत.

गाडी जुनी घेणाऱ्यांनी आणखी दोन तारखा सांभाळाव्यात. विक्रीनंतर चौदा दिवसांत विमा आपल्या नावावर करायला अर्ज द्यायचा. थर्ड पार्टी आपोआप येतो, बाकीचा येत नाही. आणि पॉलिसी संपल्यावर नव्वद दिवसांत नूतनीकरण झालं नाही, तर कमावलेला बोनस जातो. परराज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर नवा नंबरही घ्यावा लागतो. भावाने गोव्याची एनओसी आणून ते काम बारडोलीला लावलं. शर्यत किंवा वेगाची चाचणी यांत गाडी घातली तर नेहमीची पॉलिसी हात वर करते, हेही त्याला दोनदा सांगितलं आहे.

यंदा नूतनीकरणाला ‘चालवाल तेवढं भरा’ ही सोय विचारायची आहे. विमा नियामकाने जुलै २०२२ मध्ये तिला परवानगी दिली. स्टॉर्म वर्षभरात चलथाण ते डुमसचा समुद्र आणि एकदा निपाणी, एवढीच फिरली. निपाणीला आत्या बाजूच्या सीटवर बसून मार्केटापर्यंत जाऊन आली. उतरल्यावर पुन्हा तोच प्रश्न, “एष्टायतप्पा?” या वेळी त्याने विम्याचा आकडाही सांगितला. आत्याने बोटांवर भागाकार केला आणि म्हणाली, महिन्याला हजाराच्या आत आहे की.