बाहेरच्या घोट्याचा बंदोबस्त

पाय मुरगळला की आपण घोट्यावर लेप लावून मोकळे होतो. परंतु ज्या तीन अस्थिबंधांवर, म्हणजे लिगामेंटांवर, त्या क्षणी प्रसंग ओढवतो, त्यांची रचना इतकी मनोहर आहे की ती एकदा तरी स्वतःच्या पायावर बोट ठेवून समजून घ्यावी, असे मला मनापासून वाटते.

बाहेरचा घोटा म्हणजे पोटरीतील बारीक हाडाचे खालचे टोक. त्याच्या पुढच्या कडेवरून निघून टॅलस या हाडाच्या मानेस मिळणारा पहिला बंध तिघांत सर्वांत दुर्बळ. आणि जिना उतरताना चवडा खाली झुकला असता टॅलसचा मागचा अरुंद भाग खोबणीत येऊन सांधा सैल पडतो, नेमक्या त्याच वेळी पाऊल आत वळू न देण्याची मुख्य जबाबदारी याच्यावर येते, म्हणून बहुधा प्रथम तोच तुटतो. दुसरा दोरीसारखा गोल. तो टाचेच्या हाडापर्यंत उतरताना दोन सांधे ओलांडतो. तिसरा मागे, खोल, जवळजवळ आडवा आणि सर्वांत बळकट; सांधा निखळण्याइतका आघात झाल्याखेरीज तो सहसा तुटत नाही.

घोट्याच्या टोकापुढे, किंचित खाली, बोट टेकवा: जो मऊ खळगा लागतो तोच पहिल्या बंधाचा इलाखा, आणि मुरगळल्यावर सूज प्रथम तेथेच धरते. या बंधांत पावलाची स्थिती मेंदूस कळविणारी मज्जातंतूंची टोकेही असतात. वेदना शमल्यावर एका पायावर तोल सांभाळण्याचा व्यायाम सांगतात, तो त्याकरिताच.