माउंटन बायकिंगमधील चिखलापासून डोळ्यांचे संरक्षण

ओल्या पायवाटांवर, शेतरस्त्यांवर आणि डोंगरउतारांवर माउंटन बाईक चालवताना चाकांवरून उडणारा चिखल डोळ्यांत जाऊ नये यासाठी पुढील चाकावर आखूड मडगार्ड आणि डोळ्यांवर पारदर्शक चष्मा ही दोन साधने प्रामुख्याने वापरली जातात. यांपैकी चष्मा अधिक परिचित असला, तरी पावसाळ्यात मडगार्डशिवाय तो फार काळ उपयोगी पडत नाही.

चिखल उडण्याची क्रिया

सायकल पुढे जात असताना चाकाची मागची बाजू वर उचलली जाते आणि टायरला चिकटलेली माती तिच्याबरोबर वर येते. माती चाकापासून सुटते ती स्पर्शरेषेच्या दिशेने. ताशी १८ किमी, म्हणजे सेकंदाला ५ मीटर वेगाने चालणाऱ्या सायकलीच्या चाकावरून सरळ वर सुटलेला कण, हवेचा विरोध सोडल्यास, सुमारे १.२५ मीटर उंच जातो. तो आसाच्या उंचीवरून सुटला असेल तर जमिनीपासून साधारण १.६ मीटरपर्यंत, म्हणजे स्वाराच्या डोळ्यांपर्यंत पोहोचतो. चाकाच्या माथ्याजवळून सुटलेले कण आधी पुढे फेकले जातात. हवेच्या विरोधाने त्यांचा वेग कमी होतो आणि स्वार स्वतःच त्यांच्यावर जाऊन आदळतो. त्यामुळे समोर दुसरी सायकल नसतानाही चेहऱ्यावर चिखल येतो.

वेग दुप्पट झाला की माती सुटण्यास कारणीभूत होणारा ताण चौपट होतो. म्हणूनच चढावर टायरला धरून राहिलेली माती उतार लागताच भराभर सुटू लागते.

पुनावळे परिसर

पिंपरी-चिंचवडच्या पश्चिम भागातील पुनावळे हे पवना नदीच्या खोऱ्यात, मुंबई–बंगळूर महामार्गालगत आहे. येथून घोराडेश्वरचा डोंगर आणि मावळ-मुळशीकडील वाटा सायकलीच्या टप्प्यात येतात. जून ते सप्टेंबर या काळात पश्चिमेकडे जावे तसा पाऊस वाढत जातो.

दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून बनलेली काळी माती भिजल्यावर फुगते आणि टायरला थरावर थर चिकटते. जुन्या पद्धतीच्या सायकलीचे लांब पत्र्याचे मडगार्ड डांबरी रस्त्यावर उत्तम काम देते. काळ्या मातीत मात्र ते आतून भरून चाक अडते आणि काडीने माती उकरत बसावे लागते. शेतरस्त्याने सायकल नेलेल्यांना हा अनुभव नवा नाही. माउंटन बाईकवर मडगार्ड आखूड ठेवण्याचे आणि टायरपासून पुरेशी मोकळी जागा सोडण्याचे हेच कारण आहे.

पुनावळ्यात गृहसंकुलांची बांधकामे मोठ्या प्रमाणावर झाली आहेत. बांधकामालगतच्या चिखलात सिमेंट किंवा चुना मिसळलेला असू शकतो. ओले सिमेंट अल्कधर्मी असून त्याने बुबुळाला रासायनिक इजा होते. असा चिखल शेतातल्या चिखलापेक्षा अधिक धोकादायक असतो.

मडगार्ड

प्रचलित मडगार्ड म्हणजे लवचीक प्लास्टिकचा कापलेला तुकडा. तो फोर्कच्या (सायकल दुरुस्तीवाल्यांच्या भाषेत चिमट्याच्या) कमानीखाली केबल टायने बांधतात. सस्पेन्शन असलेल्या फोर्कमध्ये ही कमान चाकाबरोबरच वरखाली होत असल्याने टायर आणि मडगार्ड यांतील अंतर कायम राहते. मडगार्डचा कमानीच्या मागे येणारा भाग महत्त्वाचा असतो, कारण चेहऱ्याकडे येणारा बराचसा चिखल तेथूनच निसटतो. जुन्या ट्यूबचा तुकडा कमान आणि फोर्कचा माथा यांदरम्यान ताणून बांधला, तरी ही फट बुजते. असा तुकडा लवचीक हवा, नाहीतर सस्पेन्शन दबताना तो फाटतो.

चष्मा

पॉलिकार्बोनेटच्या काचांचा, बाजूंनी डोळे झाकणारा चष्मा योग्य समजला जातो. ढगाळ हवेत आणि झाडीत गडद काचा निरुपयोगी ठरतात. पारदर्शक किंवा फिकट पिवळ्या काचा बऱ्या.

खरी अडचण धुक्याची असते. चढावर वेग मंदावल्याने चष्म्याआडची हवा हलत नाही, घामाची वाफ काचेवर साचते आणि स्वार चष्मा काढून ठेवतो. पुढे उतारावर, चिखल सर्वाधिक उडत असताना, डोळे उघडेच राहतात. मडगार्ड असल्यास काच कमी माखते. त्यामुळे चष्मा नाकावर थोडा पुढे ओढून हवा खेळती ठेवणे परवडते. माखलेली काच कोरडी पुसल्यास मातीतील कणांनी तिच्यावर चरे पडतात, म्हणून आधी तिच्यावर पाणी ओततात. हेल्मेटचा पुढचा छज्जा वरून पडणारा चिखल अडवतो, खालून येणारा नाही. पुढच्या सायकलीच्या थेट मागे न राहता थोडे बाजूने चालवल्यास तिच्या मागील चाकाचा मारा टळतो.

आरोग्यविषयक धोके

मातीच्या कणाने बुबुळावर ओरखडा पडला की जंतूंना वाट मिळते. भारतात बुबुळाच्या बुरशीजन्य संसर्गामागे माती किंवा वनस्पतींच्या अवशेषांमुळे झालेली इजा वारंवार आढळते. गढूळ पाण्यातील अकँथअमीबामुळेही बुबुळाचा दाह होतो. हा अमीबा कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांपुरताच मर्यादित नाही. चिखल तोंडातही जातो. वेल्समधील बिल्थ वेल्स येथे २००८ मध्ये झालेल्या माउंटन बाईक शर्यतीनंतर स्पर्धकांमध्ये कॅम्पिलोबॅक्टरची साथ उद्भवली होती. मेंढ्यांच्या लेंड्यांनी दूषित झालेला चिखल पोटात जाण्याशी तिचा संबंध जोडण्यात आला.

डोळ्यात चिखल गेल्यास डोळा चोळू नये. कॉन्टॅक्ट लेन्स काढून पापणी उघडी धरावी आणि स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा. सिमेंट किंवा चुना असण्याची शंका असल्यास ताबडतोब धुण्यास सुरुवात करून किमान १५ ते ३० मिनिटे धुवत राहावे आणि त्यानंतर लगेच नेत्रतज्ज्ञांकडे जावे. बाटलीचे तोंड चिखलाने माखलेले असेल तर ते पाणी स्वच्छ राहत नाही, म्हणून झाकणाची वेगळी बाटली जवळ ठेवणे सोयीचे. वेदना, लाली, पाणी येणे किंवा अंधुक दिसणे टिकून राहिल्यास तपासणी आवश्यक असते. घरात उरलेले स्टेरॉइडयुक्त थेंब घालणे विशेष घातक आहे. त्यांनी लाली तात्पुरती ओसरते, पण बुरशीचा संसर्ग आत पसरत राहतो.