चेन्नई ते तिरुची: विमान तासाभराचं, प्रवास किती तासांचा?

दिवाळीच्या किंवा नाताळच्या सुट्टीत तंजावर बघायचा बेत अनेक मराठी घरांत ठरतो. व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत तिथे भोसल्यांचं राज्य होतं. सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी हस्तलिखितं आहेत, बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर मराठी शिलालेख आहे. पण जायचं कसं? तंजावरला जवळचा विमानतळ तिरुचिरापल्लीचा, म्हणजेच तिरुचीचा. चेन्नईहून तिथे विमान तासाभरात पोहोचतं, हे वाचून आपण लगेच तिकीट काढायला बसतो. त्याआधी थोडा हिशोब करा.

अंतर कमी, तरी तास का लागतो?
चेन्नई-तिरुची हवाई अंतर सुमारे २९५ किमी आहे. मुंबई-चेन्नई त्याच्या साडेतीनपट, पण वेळ लागतो जेमतेम दुप्पट. कारण तिकिटावरच्या वेळेत धावपट्टीपर्यंत जाणं, वर चढणं, उतरणं आणि जागेवर येऊन थांबणं हे सगळं धरलेलं असतं. अंतर कमी झालं म्हणून ही कामं कमी होत नाहीत.

घरापासून दारापर्यंत मोजा
चेन्नईत मुक्काम असेल, तर विमानतळ गाठायला पाऊण तास आणि उड्डाणाआधी दीड तास धरा. चेक-इन साधारण तासभर आधीच बंद होतं. मग तासाचं विमान, सामानासाठी अर्धा तास आणि तंजावरपर्यंत टॅक्सीने सव्वा ते दीड तास. एकूण झाले पाच तास!

वंदे भारत रेल्वे एग्मोरहून तिरुचीला सुमारे चार तासांत नेते. स्टेशनवर जाणं आणि तिरुची-तंजावर हा टप्पा धरून साधारण सहा तास होतात. रात्रीच्या उळवन एक्सप्रेसने झोपेतच थेट तंजावर गाठता येतं आणि हॉटेलचा एका रात्रीचा खर्चही वाचतो.

मग विमान कधी घ्यावं?
मुंबई-पुण्याहून येत असाल आणि चेन्नईत फक्त विमान बदलायचं असेल, तर विमानच बरं. मात्र दोन्ही विमानं एकाच तिकिटावर घ्या. पहिल्याला उशीर होऊन पुढचं चुकलं, तर पर्याय देण्याची जबाबदारी विमान कंपनीवर राहते. वेगवेगळी तिकिटं असतील, तर दुसऱ्याचे पैसे बुडू शकतात.

आजी-आजोबा सोबत असतील, तर व्हीलचेअरची मागणी तिकीट काढतानाच नोंदवा. रेल्वेने जाणार असाल, तर त्यांच्यासाठी खालचा बर्थ मागा. गाडी एग्मोरहून सुटते की तांबरमहून, हेही तिकिटावर नीट पाहा. तांबरम विमानतळापासून जवळ आहे, एग्मोर मात्र शहरात आहे.

चार-पाच जणांच्या कुटुंबासाठी वाचणारा एक तास आणि तिकिटांतला फरक शेजारी मांडून बघा, निर्णय सोपा होईल.