असं का? : हिमालय ओलांडणारी चरबी

शिरूरवरून आलेली घोड नदी दौंडजवळ भीमेला मिळते. तिथून भीमेच्या काठाने खाली गेलं की उजनी धरणाचा फुगवटा लागतो. हिवाळ्यात तिथे पट्टकादंब पक्षी उतरतात, हिमालय ओलांडून. एवढ्या प्रवासाची शिदोरी म्हणजे अंगातली चरबी. ग्रॅममागे सुमारे ९ किलोकॅलरी, साखरेच्या दुपटीहून जास्त!

पण चरबी असून भागत नाही, ती पोचायला हवी. चरबी फुटून निघालेली मेदाम्लं पाण्यात जवळपास विरघळत नाहीत, आणि पेशीच्या आत तर बहुतेक पाणीच. रक्तात त्यांना अल्ब्युमिन हे प्रथिन वाहून नेतं, पण पेशीच्या दारापर्यंतच. आत ‘मेदाम्ल-बंधक’ प्रथिनं ताबा घेतात. सुमारे १३० अमिनो आम्लांचं हे प्रथिन म्हणजे झाकणाची डबीच. मेदाम्लाची तेलकट शेपटी आतल्या पोकळीत सामावते, बाहेरची बाजू पाण्याशी जुळवून घेते. ही डबी कुणी हाकत नाही; पेशीतल्या रेणूंच्या धक्काबुक्कीतच ती सरकते आणि मेदाम्ल मायटोकॉन्ड्रियापर्यंत, म्हणजे पेशीच्या ऊर्जाकेंद्रापर्यंत, पोचून जळतं.

उत्तर अमेरिकेतल्या वेस्टर्न सँडपायपर या चिमुकल्या पाणपक्ष्याच्या उड्डाणस्नायूंत स्थलांतराच्या काळात हे प्रथिन वाढलेलं आढळलं आहे. आपल्या हृदयातही ते भरपूर असतं, कारण हृदयाचं मुख्य इंधन मेदाम्लंच. हृदयविकाराच्या झटक्यात हृदयपेशींना इजा झाली, की आकाराने लहान असल्यामुळे ते लवकर निसटतं आणि काही तासांतच रक्ततपासणीत सापडतं.