गोळी पकडणाऱ्या वैमानिकाची, आणि ती सांगणाऱ्याची गोष्ट

बसा रे पोरांनो, जरा जवळ सरका, आज एका गोष्टी सांगणाऱ्याचीच गोष्ट सांगतो.

१८९९ साल. बिआलिस्तोक नावाचं कापडगिरण्यांचं एक शहर, आज ते पोलंडात आहे, तेव्हा रशियाच्या झारच्या राज्यात होतं. त्या वर्षी तिकडं आवई उठली, की नोव्हेंबरात आभाळातून आगीचा पाऊस पडणार आणि जग बुडणार. आवई अगदीच बिनबुडाची नव्हती बरं. १८३३ साली अमेरिकेत एका रात्री इतके तारे तुटले होते की लोक अंगणात येऊन गुडघ्यांवर बसले होते, आणि पुढं १८६६ ला युरोपातही तसंच दिवाळीसारखं आभाळ पेटलं होतं. तेहेतीस वर्षांचा हिशेब धरला तर पाळी येत होती ती १८९९ ची.

त्याच शहरात सोळा वर्षांचा एक पोरगा होता, याकोव्ह पेरेलमान. बाप गिरणीत हिशेबनीस, पण पोर वर्षाचं व्हायच्या आतच तो गेला. आई शाळामास्तरीण, तिनंच घर ओढलं. या पोरानं काय केलं, तर तिथल्या प्रांताच्या वर्तमानपत्रात एक लेख लिहिला, खाली नुसती आद्याक्षरं, आणि लोकांना समजावून सांगितलं की बाबांनो, ह्या उल्का आहेत, यानं कुणाचं छप्परसुद्धा जळायचं नाही. खरंच आहे ते. एक धूमकेतू दर तेहेतीस वर्षांनी सूर्याकडं येऊन जातो, जाताना वाटेत धूळ सांडतो, आणि आपली पृथ्वी दर नोव्हेंबरात ती वाट आडवी ओलांडते. धुळीचा कण वाळूएवढा, पण येतो सेकंदाला सत्तर किलोमीटरच्या झपाट्यानं, म्हणून आपल्या डोक्यावर शंभरएक किलोमीटर उंचीवरच त्याची राख होते. आता यातली मौज ऐका. त्या वर्षी लोक रात्र रात्र जागले आणि आगीचा पाऊस काही पडलाच नाही! का? तर मधल्या वर्षांत गुरू आणि शनी या दोन थोरल्या ग्रहांनी तो धुळीचा पट्टा ओढून ओढून जरा बाजूला सरकवला होता.

पेरेलमान पुढं पीटर्सबर्गला जंगलखात्याच्या कॉलेजात शिकले. पदवी हातात आली, पण झाडं मोजायला काही गेले नाहीत; शिकत असतानाच ‘निसर्ग आणि माणसं’ अशा नावाच्या साप्ताहिकात लिहायला लागले होते, मग तिथंच संपादनाच्या कामाला बसले. पुढची कितीतरी वर्षं आठवड्याच्या आठवड्याला नवं काहीतरी शोधून लोकांपुढं मांडायचं, हाच धंदा. पहिल्या महायुद्धात सरपणाची नि कोळशाची टंचाई पडली, तेव्हा घड्याळंच तासभर पुढं करा, म्हणजे दिवे कमी जळतील, ही सूचना रशियात यांनीच केली, आणि १९१७ च्या उन्हाळ्यात ती अंमलातही आली.

पण माणूस नावारूपाला आला तो १९१३ च्या पुस्तकानं, ‘मनोरंजक भौतिकशास्त्र’. त्यात त्यांनी एकही नवा शोध सांगितलेला नाही. त्यांचं म्हणणंच असं होतं की, वाचणाऱ्याला नवं शिकवण्यापेक्षा त्याला जे आधीच माहीत आहे तेच नीट समजावं. मला विचाराल तर हे नवं शोधण्यापेक्षा अवघड काम आहे.

त्यांच्या पुस्तकातला तो वैमानिक घ्या. महायुद्धातला फ्रेंच गडी, दोन किलोमीटर उंचीवरून विमान हाकतोय, तोंडाजवळ काहीतरी घोंघावलं; किडा असेल म्हणून मुठीत पकडलं, मूठ उघडून बघतो तो जर्मन बंदुकीची गोळी! थापच वाटते ना? वर्तमानपत्रात आलेली बातमी होती, आणि पेरेलमान ती थाप म्हणून सोडून देत नाहीत, हिशेबाला बसवतात. बंदुकीतून निघताना गोळीचा वेग सेकंदाला आठशे-नऊशे मीटर. पण हवा तिला अडवत अडवत नेते, शेवटी शेवटी तो उरतो चाळीसएक मीटर, आणि तेवढा वेग त्या काळच्या विमानाचाही होता. दोन एसट्या शेजारून एकाच वेगानं चालल्या असतील तर या खिडकीतून त्या खिडकीत सुपारीचं खांड देता येतं, तसंच हे. गोळी धावत होती जमिनीच्या हिशेबानं. वैमानिकाच्या हिशेबानं ती नुसती तरंगत होती. वेग हा नेहमी कशाच्या तरी तुलनेत असतो, हा भौतिकशास्त्राचा पहिला धडा. शाळेत तो व्याख्येनं येतो आणि परीक्षेनंतर जातो, पण हा वैमानिक एकदा डोक्यात बसला की उठत नाही.

दुसरं त्यांचंच कोडं, आपल्या मुलखातलं करून सांगतो. पुण्यात गाण्याची मैफल आहे, गायकापासून दहा मीटरवर एक रसिक बसलाय, आणि तीच मैफल नागपूरला एकजण जुन्या रेडिओला कान लावून ऐकतोय. आधी सूर कुणाला ऐकू येईल? नागपूरकराला! आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर चालतो, दहा मीटर जायला त्याला सेकंदाचा चौतिसावा भाग लागतो. रेडिओची लहर सेकंदाला तीन लाख किलोमीटर पळते. आवाज तिसऱ्या-चौथ्या रांगेपर्यंत पोचायच्या आत ती आठ हजारांहून जास्त किलोमीटर गेलेली असते, तिथं नागपूर म्हणजे काय!

१९३५ मध्ये लेनिनग्राडला, म्हणजे त्याच पीटर्सबर्गला, फोंतांका नदीकाठच्या जुन्या हवेलीत, मनोरंजक विज्ञानाचं घरच उघडलं, त्यामागेही पेरेलमान होते. प्रदर्शनात ‘हात लावू नका’ अशी पाटी असते, इथं मात्र हात लावा म्हणून सांगत. एका दालनाच्या गर्द निळ्या छतावर पिवळे ठिपके होते, मोजून दहा लाख. दहा लाख हा आकडा आपण बोलताना सहज फेकतो, पण सेकंदाला एक ठिपका, न झोपता, न जेवता मोजला तर साडेअकरा दिवस लागतात, हे मान वर करून बघणाऱ्याला तिथं कळायचं. मला त्या छताखाली एकदा उभं राहायचं होतं. ते राहिलं, कारण पुढच्या युद्धात ते घरच संपलं.

१९४१ च्या सप्टेंबरात जर्मनांनी लेनिनग्राडला वेढा घातला. साठीला टेकलेला हा माणूस उपाशीपोटी शहरभर पायी फिरून सैनिकांना नि खलाशांना व्याख्यानं देत होता. विषय काय, तर होकायंत्र नसताना दिशा कशी काढायची, अंतर कसं ओळखायचं. ज्ञानाची गंमत सांगत आयुष्य गेलं, तीच आता जीव वाचवायला कामाला आली. त्यांची बायको डॉक्टर होती, ती जानेवारीत गेली. १६ मार्च १९४२ ला तेही उपासमारीनं गेले. चंद्राच्या पलीकडच्या अंगावर एका विवराला आता त्यांचं नाव आहे.

त्यांची पुस्तकं मॉस्कोच्या मीर प्रकाशनानं इंग्रजीत काढली, ती आपल्याकडं रशियन पुस्तकांच्या प्रदर्शनांत अगदी स्वस्तात मिळायची. पुण्याच्या अरविंद गुप्तांनी अशी कितीतरी पुस्तकं सगळ्यांना फुकट वाचायला खुली करून ठेवली आहेत.

आता उठा, आत जाऊन दोन अंडी घेऊन या, एक उकडलेलं, एक कच्चं, आणि कुठलं कुठलं ते मला सांगू नका. दोन्ही ताटात गरगरा फिरवा. एक भिंगरीसारखं सुटेल, ते उकडलेलं; दुसरं रेंगाळत, डुलत फिरेल, ते कच्चं. एवढ्यानं समाधान झालं नसेल तर पेरेलमानांची पुढची खूण करा. फिरत्या अंड्यावर बोट टेकवून क्षणभर थांबवा आणि बोट लगेच उचला. उकडलेलं तिथंच गप्प पडेल. कच्चं मात्र आपलं आपण पुन्हा फिरायला लागेल, कारण तुम्ही थांबवलंत ते नुसतं कवच, आतला बलक फिरायचा काही थांबलेला नाही, तो कवचाला पुन्हा ओढत नेतो. आणि हो, ताट काठाचं आणा, नाहीतर आजीच्या तोंडचं ऐकाल.