झाड मालकाचं, पडल्यावर मात्र देवाचं!

मृगाच्या आधीचा वादळी पाऊस सातपुड्याच्या अंगाने उतरला की सोनाळ्यासारख्या पायथ्याच्या गावात झाडं आडवी होतात. कुणाच्या टिनांवर, कुणाच्या गोठ्यावर. मग मालकाचं ठरलेलं उत्तर येतं, "हवा सुटली, झाड पडलं, त्याले मी काय करू?"

हे अर्धं खरं आहे, म्हणूनच ते खोडून काढताना घसा कोरडा पडतो. धडधाकट झाड अचानक आलेल्या वादळात उन्मळलं तर मालकाला सहसा दोष देता येत नाही. पण बुंध्याला ढोली पडलेली, बुडाशी बुरशीच्या टोप्या उगवलेल्या, शेंडा वाळलेला, शेजाऱ्याने दोनदा सांगून झालेलं, आणि तरीही कुणी हात लावला नाही? हा वाऱ्याचा दोष नव्हे, निष्काळजीपणा झाला. त्याची नुकसानभरपाई दिवाणी न्यायालयात मागता येते. धोका मालकाला माहीत होता का, किंवा माहीत असायला हवा होता का, हाच तिथे मुख्य प्रश्न असतो. "मी वर पाहिलंच नाही" हे त्याचं उत्तर होत नाही.

पटत नसेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 152 वाचा. 1 जुलै 2024 पूर्वी हेच फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम 133 होतं. पडून लोकांना इजा करील अशा इमारतीबरोबर त्यात झाडाचाही स्पष्ट उल्लेख आहे. असं झाड काढा किंवा त्याला टेकू द्या, असा आदेश कार्यकारी दंडाधिकारी मालकाला देऊ शकतात. त्यासाठी आधी कुणाचं डोकं फुटावं लागत नाही.

शिवाय झाड कमजोर करतो कोण? झाडाची बहुतेक मुळं जमिनीच्या वरच्या दोन-तीन फुटांतच पसरलेली असतात. नाली खोदताना आपण तीच तोडतो, बुंध्याला भिडवून सिमेंट ओततो, बुडाशी कचरा पेटवतो. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2013 मध्ये दिल्लीतल्या यंत्रणांना झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला लावलं होतं. आपल्याकडे अंगणात पेव्हर बसवणाऱ्याला मूठभर माती मोकळी सोड म्हटलं तर तो आपल्यालाच वेड्यात काढतो.

हे ऐकून कुणी लगेच कुऱ्हाड काढतो. "माझ्या जागेतलं झाड, परवानगी कशाला?" जमीन महसूल संहितेच्या कलम 25 प्रमाणे झाड तुमचंच, मान्य. पण 1964 च्या झाडतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत आंबा, चिंच, मोह, साग, जांभूळ, फणस, खैर, चंदन, हिरडा, अंजन अशी झाडं आहेत. ती खासगी जागेत असली तरी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. झाड मेलेलं किंवा धोकादायक असणं हे परवानगीचं रास्त कारण आहे, म्हणून तसा अर्ज करायला घाबरू नका. गंमत म्हणजे ज्याच्यावरून गावात सर्वांत जास्त वाद होतात तो कडुनिंब या अनुसूचीत नाही.

आता बाकीचे गैरसमज. वृक्ष प्राधिकरणाचा 1975 चा कायदा नागरी भागासाठी आहे. शेगावच्या नगरपरिषदेतले नियम सोनाळ्याच्या ग्रामपंचायतीत लागू होत नाहीत. चंदन लावायला बंदी नाही, तोडायला परवानगी लागते. शेजाऱ्याची फांदी तुमच्या हद्दीत आली तर हद्दीपुरती छाटता येते. फांदी "वर्षानुवर्षं तिथेच आहे" म्हणून तिला हक्क मिळत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने एकोणिसाव्या शतकातच म्हटलंय. मात्र आधी सांगा, त्याच्या आवारात शिरू नका, आणि छाटलेलं लाकूड नि आंबे त्याचेच हेही लक्षात ठेवा. विजेच्या तारांत गेलेली फांदी स्वतः तोडणं म्हणजे जिवाशी खेळ. 1912 वर फोन करा. तार ओढण्याआधीपासून झाड उभं असेल आणि तारेसाठी ते काढावं लागलं, तर विद्युत अधिनियम 2003 च्या कलम 68 खाली भरपाईही मागता येते.

चैत्र-वैशाखातच आपल्या झाडाभोवती एक फेरी मारा. शेजाऱ्याचं झाड धोक्याचं वाटत असेल तर नुसतं ओट्यावर बसून बोलू नका. त्याला लेखी कळवा, एक प्रत ग्रामपंचायतीत आणि एक तहसीलला द्या, आणि दोन्हीकडची पोच जपून ठेवा.